सुटीचा भोंगा

शिट्टीबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. गावाच्या तोंडी त्या शिट्टीबाईच. उमेदीची सगळी वर्षं शाळेत खेळाच्या बाई म्हणून काढली, गळ्यात शिट्टी आणि मुठीत स्टॉपवॉच. शर्यतीत कुणी शेवटच्या चार पावलांत ढिला पडला की बाई अशा काही ओरडायच्या, की शर्यतीत नसलेली पोरंही पळायला लागायची. वेळ या गोष्टीवर बाईंचा फार जीव. उशिरा येणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धा गुन्हेगार. लग्नाच्या बोलणीला मुलाकडचे तासभर उशिरा आले म्हणून बाईंनी नकार दिला म्हणे, आणि पुढे लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण ऐकणाऱ्याला पटायचं एवढं खरं.

मग शाळेने खेळाचा तासच बंद केला. त्याच सुमारास सरकारने किनाऱ्यावरच्या गावांसाठी योजना काढली. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत येत होता, उधाणाचं पाणी घरात शिरत होतं, तेव्हा बंधारे बांधा, भोंगे बसवा, लोकांना वेळेत वर कसं काढायचं ते शिकवा, असा सगळा बेत. प्रत्येक गावात एक समन्वयक नेमायचा होता. लोकांना ओळीत उभं करू शकणारं माणूस गावात दुसरं होतं कोण? कंत्राटावर का होईना, बाई नगरपालिकेत लागल्या. कक्ष म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत पार्टिशन टाकून केलेला कोपरा. पलीकडे कुणाच्या तरी बाळाचं नाव लिहून घेतायत आणि अलीकडे बाई पुराचा नकाशा रंगवतायत.

नकाशा त्यांना पाठ होता. वर टेकडी, टेकडीवर शाळा, तोच निवारा. मधल्या उतारावर बाजार आणि पालिकेची इमारत, तिच्या गच्चीवर भोंगा. आणि तळाला, खाडीला अगदी खेटून, खालची आळी. आळीत तरुण माणसं थोडी, म्हातारीच जास्त. आणि आळीच्या शेवटच्या घरात बाईंची आई.

आईने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. गुडघे आता साफ गेले होते, पण यंत्राचं पायडल मारायची थांबली नव्हती. "वर माझ्याकडे राहायला ये," असं बाई सतरा वेळा म्हणाल्या असतील. "तुझ्या त्या खुराड्यात माझं यंत्र मावेल का? आणि तुझं ते सारखं घड्याळ बघणं कोण सोसेल?" म्हातारीची जीभ कशी होती ते आलंच लक्षात.

योजनेचा पहिला हप्ता आला. त्यात भोंगा आला आणि बंधारा आला, पण अर्धाच. खाडीच्या तोंडापासून दगडांची ती भिंत छान निघाली, बाजाराच्या खालून गेली आणि खालच्या आळीच्या थोडं अलीकडे येऊन थांबली. पैसे संपले. उरलेली भिंत दुसऱ्या हप्त्यात. भोंग्याला माणसाचा आवाज पोचवणारा माईक जोडायचा होता, तोही दुसऱ्या हप्त्यात. आणि दुसरा हप्ता कधी? तर गावाने ड्रिल करून दाखवायची, आणि भोंगा वाजल्यापासून अर्ध्या तासात सगळा खालचा भाग रिकामा करून वर शाळेत पोचायचं, तेव्हा.

पहिल्या ड्रिलला सगळं गाव हौसेने आलं. म्हातारी माणसंही आली, आणि तिथेच घोडं अडलं. चढावर बाईंची आई तीनदा खाली बसली. तिच्यामागे काठ्या टेकत, खोकत, एकमेकांना सांभाळत बाकीची. शेवटची आजी शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा अर्धा तास कधीच उलटून गेला होता. वरच्या कचेरीचे तपासणीसाहेब माणूस वाईट नव्हते. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही. पण ही वेळ वर पाठवली तर तुमचं गाव रांगेत मागे जाईल. तुमच्यासारखी पुष्कळ गावं आहेत."

त्या संध्याकाळी बाई आईकडे जाऊन नुसत्याच बसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा घेतल्या आणि आता स्वतःच्या गावाची वेळ मोडली, तीही स्वतःच्या आईने. आईने यंत्र थांबवलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "एवढं तोंड पाडून बसायला काय झालं? आम्ही म्हातारी माणसं आत बसतो दारं लावून. तू कर तुझी शर्यत."

"असं कसं चालेल, आई?"

"का नाही चालणार? खोटी तर असते ती. खरं पाणी आलं तर आम्हाला काय कळणार नाही? भिंत होऊ दे आधी."

आता हे ऐकून बाईंनी आईला गप्प करायला हवं होतं. पण भिंत डोळ्यांसमोर होती, आईच्या घराच्या अलीकडे येऊन थांबलेली. आणि खरं सांगायचं तर वेळही डोळ्यांसमोर होती. बाई हो म्हणाल्या.

एकदा हो म्हटलं की पुढचं सगळं ओघाने आलंच. म्हाताऱ्यांच्या जागी म्हातारे दिसायला हवेत, म्हणून बेकरीवाल्याचा मुलगा शाल पांघरून, काठी घेऊन, कंबरेत वाकून आजी व्हायला लागला. अशी फर्मास आजी की बायका हसून हसून पोट धरायच्या. साहेब आळीतून फिरून रिकामी घरं तपासायचे, दारावर थाप मारायचे, म्हणून दार वाजलं तरी आतून ओ द्यायची नाही, हे ठरलं. एकदा कुणाच्या तरी घरात फोन वाजला आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून भोंगा झाला की फोन बंद करायचा, हेही ठरलं. साहेबांबरोबर बाईही दारोदार फिरायच्या आणि देखाव्यासाठी खणखणीत आवाजात हाका द्यायच्या, "कोणी आहे का आत? आई, आहेस का गं?" त्या हाकेलाही ओ द्यायची नाही. थाप मारून झाली की दारावर खडूने फुली. फुली म्हणजे घर रिकामं.

आणि ड्रिल संपली की दुसरा भोंगा, लांब आणि सरळ. त्याला गाव सुटीचा भोंगा म्हणायचं. तो झाला की म्हातारी मंडळी डबे घेऊन बाहेर पडायची आणि सावकाश गप्पा मारत टेकडीवर जायची, कारण साहेब निघून गेले की शाळेत योजनेतर्फे चहा-बिस्किटं असायची. बाईंची आई सगळ्यांच्या शेवटी निघायची. न जाणो, साहेब वळणावर असले तर? लेकीच्या कामात आपल्यामुळे काही कमी पडू नये, एवढीच तिची धडपड.

वेळा सुधारत गेल्या. साहेब खूष. दुसऱ्या हप्त्याची फाइल वर सरकली. बाईंनी मात्र एकदा आळीतल्या सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "खरं असेल तेव्हा मी सांगीन हं." कसं सांगणार, हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनीही स्वतःला विचारलं नाही.

मग तो दिवस उजाडला. आकाश नुसतंच भरलेलं, पावसाचा थेंब नाही, वाराही बेताचा. दुपारी वरच्या कचेरीतून फोन आला. दूर समुद्रात असलेलं वादळ वळलं होतं. ते इकडे येणार नव्हतं, पण त्याने लोटलेलं पाणी भरतीच्या तोंडावर येणार होतं, तेव्हा भोंगा द्या, लगेच. गच्चीवर भोंग्यापाशी बाईंचा मामेभाऊच असायचा. पालिकेत वायरमन होता तो. बाईंनी खालूनच हात केला आणि भोंगा सुरू झाला. साहेब बरोबर नसले की समन्वयकाने निवाऱ्यावर हजर राहायचं आणि आळीतली दारं दोघा पोरांनी तपासायची, असं ठरलेलं होतं. बाई टेकडी चढायला लागल्या आणि सवयीने त्यांचा अंगठा स्टॉपवॉचवर गेला.

लोक आले, भराभर आले. पोरं, बायका, बाजारातले दुकानदार, कुणी अर्धवट जेवण टाकून आलेले. सुटीच्या दिवशी कामाला धरल्यासारखी कुरकुर चालली होती. "बाई, आज न सांगता ड्रिल? निदान सकाळी कळवायचं तरी!" बाई फाटकाशी उभ्या राहून माणसं आत घेत होत्या आणि मनात म्हणत होत्या, वा, काय वेळ लागलीय! आळीत दारं तपासायला गेलेली दोघं धापा टाकत वर आली. "सगळ्या दारांवर फुल्या मारल्या, बाई. आळी रिकामी."

"शाबास," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकातून बेकरीवाल्याचा मुलगा शिरला. अंगावर शाल, हातात काठी, कंबरेत वाकलेला. "अगं बाई गं, माझे गुडघे!" असं बायकी आवाजात कण्हत तो म्हाताऱ्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांकडे गेला आणि पहिल्या खुर्चीवर टेकला. पोरं खदखदून हसली. त्याच्यामागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

बाईंनी त्या खुर्च्यांकडे पाहिलं, दारावर फुल्या मारून आलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि विचारलं, "दारं उघडून बघितलीत?"

"उघडून कशाला बघायची? थाप मारली, हाक मारली, आतून कुणी बोललं नाही. नेहमीसारखंच."

"अरे, आज खरं आहे!" बाई किंचाळल्या. "ड्रिल नाही ही! पाणी येतंय!"

बेकरीवाल्याच्या मुलाच्या हातून काठी गळून पडली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पण मीच येताना तुमच्या आईला सांगून आलो, ड्रिल आहे, कडी लावून बसा म्हणून." शाळेच्या व्हरांड्यातून खाडी दिसते. सगळे तिकडे धावले. पाणी बंधाऱ्याला लागलं होतं आणि भिंतीच्या कडेकडेने सरकत सरकत चाललं होतं, भिंत जिथे संपते तिकडे. अर्ध्या भिंतीचा हाच गुण. बाजार वाचवला तिने, आणि बाजाराचंही पाणी आळीकडे वळवलं.

बाईंनी आईला फोन लावला. बंद. शेजारच्या काकांना लावला. बंद. बंद नसते तरच नवल, बाईंनीच शिकवलं होतं ना! वीस-बावीस म्हातारी माणसं दारांना कड्या लावून, खिडक्या ओढून, अगदी गुणी मुलांसारखी गप्प बसली असणार. पहिला भोंगा पुन्हा दिला तर आणखी घट्ट बसणार. एकेक दार फोडत जायला वेळ कुठे होता? माईक असता तर एका वाक्यात काम झालं असतं, पण माईक दुसऱ्या हप्त्यात होता.

एकच आवाज होता ज्याला ती माणसं दार उघडत.

बाईंनी साहेबांना फोन लावला. धाप लागलेल्या आवाजात सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं त्या क्षणी सांगता येत होतं तेवढं. "मला सुटीचा भोंगा द्यायचाय."

"भलतंच काय बोलताय?" साहेब जवळजवळ ओरडले. "पाणी चढतंय आणि तुम्ही धोका टळला म्हणून सांगणार? वर आलेली माणसं तो ऐकून खाली धावली तर? आमच्या आदेशाशिवाय तो भोंगा देता येत नाही. दिलात तर पुढचं मला निस्तरता येणार नाही, आधीच सांगतो."

साहेबांचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. शाळेत शेकडो माणसं होती. तो आवाज ऐकून त्यातली दहा जरी खाली पळाली तरी त्यांचं पाप बाईंच्या माथी. बाईंचा जीव असा कात्रीत कधी सापडला नव्हता. त्यांनी फोन ठेवला आणि शाळेच्या शिपायाला दंडाला धरून फाटकाशी आणलं. "कुलूप लाव. आता सुटीचा भोंगा होईल. कुणालाही बाहेर सोडायचं नाही, कुणी कितीही शिव्या दिल्या तरी."

"आणि तुम्ही?"

"मला आधी बाहेर जाऊ दे, मग लाव."

बेकरीवाल्याचा मुलगा अंगावरची शाल तशीच ठेवून मागे धावला. "आमचा टेम्पो उतारावरच उभा आहे, बाई!" त्याच्याबरोबर आणखी चौघे. मागे कुलूप पडल्याचा आवाज आला. पळता पळता बाईंनी वायरमनला फोन लावला. "सुटीचा भोंगा दे."

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? मला इथून पाणी दिसतंय!"

"तुझी आत्या घरात आहे. सगळी म्हातारी माणसं घरात आहेत. दे म्हणते ना!"

मग डोक्यावरून तो भोंगा निघाला, लांब आणि सरळ. शिपाई पुढे सांगायचा की त्या आवाजासरशी निम्मी शाळा फाटकाशी लोटली. एकाने त्याची कॉलर धरली, एका बाईने तर चप्पल उगारली. तो फाटकाला पाठ लावून उभा राहिला आणि ओरडत राहिला, "भोंगा तुमच्यासाठी नाही! भोंगा तुमच्यासाठी नाही!" सगळ्यांना कळेपर्यंत त्याच्या शर्टाची एकही गुंडी शाबूत राहिली नव्हती.

खाली आळीच्या तोंडाशी टेम्पो पोचला तेव्हा रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, गढूळ आणि ओढीचं. आणि दारं उघडत होती. पहिलं उघडलं, मग समोरचं, मग एकदम चार. फुल्या मारलेल्या दारांतून म्हातारी माणसं बाहेर येत होती, हातात बिस्किटांचे रिकामे डबे, आणि पायाखाली पाणी बघून उंबऱ्यावरच थबकत होती. "अहो, हे काय? आज पाणीसुद्धा सोडलंय का ड्रिलमध्ये?" शेजारच्या काकांनी विचारलं. हसावं की रडावं! पोरांनी काकांना उत्तर दिलंच नाही, सरळ उचललं आणि टेम्पोत पावाच्या क्रेट बाजूला सारून बसवलं. दुसऱ्याला उचललं, तिसऱ्याला. एक आजी "माझा डबा, माझा डबा" म्हणून वाहत्या डब्यामागे निघाली, तिला कमरेला धरून मागे ओढलं.

पाणी पोटऱ्यांना लागलं. टेम्पो भरून वर गेला, रिकामा होऊन परत आला. बाई आळीच्या शेवटाकडे निघाल्या. तिथे पाणी गुडघ्याशी होतं. आईचं दार बंद.

सगळ्यांच्या शेवटी निघते ती. साहेब वळणावर असले तर?

"आई!" बाईंनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "आई, मी आहे! दार उघड!"

आतून काही नाही.

"आई, ऐकतेस ना? उघड गं, पाणी आलंय!"

काही नाही. आणि बाईंना कळलं की आत ती ऐकतेय. पलंगावर पाय वर घेऊन, घरात शिरलेलं पाणी नेहमीचं उधाण समजून, ओठ मिटून, ती लेकीची हाक ऐकतेय आणि लेकीला अभिमान वाटावा अशी गप्प बसलीय. ही हाक बाई कितीदा मारून गेल्या होत्या साहेबांना शेजारी उभं करून! पाणी आल्याचंही ओरडल्या होत्या एकदा, जास्त खरं वाटावं म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगायचं की ही हाक खरी आहे? बाईंनी खांदा लावून धक्का दिला. दार जुन्या सागाचं, त्यात पाण्याने फुगलेलं. हललं नाही. बाईंना रडू फुटलं. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. वरून पोरं ओरडत होती, "बाई, मागे फिरा!"

आणि मग बाईंचा पारा चढला. आईवर, स्वतःवर, त्या अर्ध्या भिंतीवर. त्यांनी दारावर लाथ घातली आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून ओरडल्या, "खड्ड्यात गेला तो साहेब! खड्ड्यात गेली त्याची वेळ, आणि खड्ड्यात गेला त्याचा हप्ता! मूर्ख आहे तो, आणि त्याच्याहून मोठी मूर्ख मी! उघड दार!"

आत काहीतरी पडलं. पाण्यातून पाय ओढत कुणी दाराशी येतंय, असं वाटलं. कडी करकरली. दार बोटभर हललं, बाईंनी खांदा लावून ढकललं, आतून आईने ओढलं, आणि फटीत कमरेपर्यंत भिजलेली आई दिसली. काखेत डबा.

"साहेबांना असं बोलतात का गं?" आई म्हणाली. मग लेकीच्या मागे तिने पाहिलं. साहेब नव्हते. आळी नव्हती. नुसतं पाणी होतं. "खरंच आलं की काय?"

बाईंनी पाठ फिरवली, खाली वाकल्या आणि आईला पाठीवर घेतलं. मागोमाग पाण्यातून आलेल्या बेकरीवाल्याच्या मुलाने शाल दोघींभोवती गुंडाळून टोक स्वतःच्या मुठीत धरलं आणि ओढत ओढत त्यांना टेम्पोपर्यंत नेलं. आई कानाशी पुटपुटत होती, "यंत्र राहिलं गं आत."

माणसं सगळी वाचली. आळीतल्या तीन घरांच्या भिंती बसल्या, यंत्र गंजून गेलं. आठवड्याने साहेब चौकशीला आले. आदल्या दिवशी गावातल्या चार शहाण्यांनी बाईंना गाठून सांगितलं होतं, "भोंगा बिघडला होता म्हणा. चुकून वाजला. माणसं तर वाचलीच आहेत, उगाच खरं बोलून हप्ता कशाला घालवता?" बाईंनी साहेबांना पार्टिशनमागे बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिली वेळ सोडली तर सगळ्या वेळा खोट्या, हेही.

साहेबांनी चष्मा काढला. "मी त्या दारांवर थाप मारत होतो. तेव्हा आत माणसं होती?"

"होती. तुमच्यासाठी श्वास रोखून बसायची."

साहेब चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, दुसरा हप्ता आता थांबेल. पुन्हा एक ड्रिल होईल, त्यावर वरचे ठरवतील. तुमच्या कंत्राटाचंही तेव्हाच बघतील.

गाव बाईंवर भडकलं. बेकरीवाला स्वतः आला समजूत घालायला. "एकदाच, बाई. फक्त या वेळी म्हाताऱ्यांना आत बसवा. भिंत पुरी होऊ दे, मग काय तो खरेपणा करा. भिंत त्यांच्यासाठीच आहे ना?" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आई आता वर त्यांच्याकडेच राहत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मी बसते की आत. त्यात काय?"

बाईंनी ताट पुढ्यातून सरकवलं. "आता तू आत बसलीस ना," त्या म्हणाल्या, "तर मी भोंगाच देणार नाही."

ड्रिलच्या दिवशी ऊन होतं. आईला त्यांनी सकाळीच खाली तिच्या घरी नेऊन सोडलं, कारण तिथूनच निघायचं होतं. भोंगा झाला. तरुण माणसं आली, पोरं आली, बेकरीवाल्याचा मुलगा आला, या वेळी दोन हातांनी दोन आज्यांना धरून. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या हळूहळू भरल्या. अर्धा तास उलटला तसं फाटकाशी उभं असलेलं गाव उताराकडे बघायला लागलं. उतारावर एकटी आई उरली होती. चार पावलं टाकायची, थांबायची, रस्त्याच्या कठड्यावर टेकायची, पुन्हा उठायची.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, आता थांबवलं तरी चालेल. वेळ तर गेलीच आहे."

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून माणूस यायचंय."

कुणी हललं नाही. बेकरीवालासुद्धा नाही. आई फाटकात पोचली, बाईंच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि श्वास घेत राहिली. मग तिने लेकीच्या मुठीतल्या स्टॉपवॉचकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"मला दिसत नाही इतकं बारीक. किती झाली?"

बाईंनी बटण दाबलं आणि वेळ मोठ्याने वाचली, साहेबांना नीट लिहून घेता यावी म्हणून.